प्लेटवरचा रंग फसवतो : स्टूल कल्चर लावताना या चुका टाळा

स्टूल कल्चर म्हणजे शौचाच्या नमुन्यातले जिवाणू माध्यमावर वाढवून जुलाबाचं कारण शोधणं. लॅबमध्ये नव्याने आलेल्या मुलांना मी एसएस अगारची (साल्मोनेला-शिगेला हे जिवाणू शोधायच्या माध्यमाची) एक प्लेट दाखवते. रंगहीन कॉलनी (जिवाणूंचा पुंजका), मधोमध काळा ठिपका. उत्तर ठरलेलं असतं, "मॅडम, साल्मोनेला!" मग त्यांनाच ती कॉलनी युरियाच्या चाचणी-माध्यमावर लावायला सांगते. काही तासांत युरिया गुलाबी होतो आणि चेहरे पडतात, कारण तो प्रोटियस नावाचा दुसराच जिवाणू निघतो. सिट्रोबॅक्टरही असाच ठिपका मिरवतो. निवडक माध्यम म्हणजे चाळण. संशयित कोण ते चाळण सांगते, निकाल द्यायचं काम तिचं नव्हे.

शिवाय ही चाळण नको त्यांनाच अडवते असं नाही. पित्तक्षार, डिऑक्सीकोलेट, रंगद्रव्यं ही सगळी जिवाणूंना त्रास देणारीच रसायनं. आपल्याला हवा असलेला जिवाणूसुद्धा ती सोसून वर येतो, आणि अर्धमेला असेल तर येतच नाही. रक्ती आव करणारा शिगेला डिसेंटेरी प्रकार १ एसएसवर अनेकदा वाढत नाही. म्हणून रक्ती आवेचा नमुना फक्त एसएसवर लावणं ही माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक. सोबत एक्सएलडी आणि मॅकॉन्की ही माध्यमंही हवीतच. एक कडक, एक सौम्य, अशी जोडी ठेवा.

मीडिया शिजवताना होणारा घोळ मात्र प्लेट लावायच्या आधीच होऊन गेलेला असतो. मॅकॉन्कीला ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) लागतो, १२१ अंशांवर १५ मिनिटं. एक्सएलडी, एसएस, डिऑक्सीकोलेटचं डीसीए आणि कॉलऱ्यासाठीच्या टीसीबीएसला तो चालत नाही. उकळी आली की उतरवायचं, ५० अंशांच्या आसपास निववायचं आणि ओतायचं. "निर्जंतुक नको का करायला?" म्हणून एका मुलाने एक्सएलडीचा फ्लास्क मॅकॉन्कीच्याच लोडमध्ये ठेवला होता. बाहेर आला तो गाळ बसलेला, कुकरमधल्या फसलेल्या वरणासारखा. ते दिसलं म्हणून बरं. जरा जास्त तापलेलं माध्यम वरून ठीक वाटतं, आणि मग आठवडाभर साल्मोनेला "मिळत नाही". सेलेनाइट ब्रॉथलाही (साल्मोनेला आधी वाढवून घ्यायच्या पातळ माध्यमाला) नुसती वाफ पुरते. तळाशी विटकरी साका दिसला की सरळ टाकून द्या. सोडियम सेलेनाइट विषारी आहे, हातमोजे घालूनच वजन करा.

सेलेनाइट लावून विसरून जाणं हीसुद्धा नेहमीची गोष्ट. १२ ते १८ तासांत त्यातून प्लेटवर घ्यायला हवं, नंतर इतर जिवाणू डोकं वर काढतात. शिगेलाला मात्र त्याचा फारसा उपयोग नाही, त्याच्यासाठी नमुना थेटच लावा.

कॉलऱ्याच्या संशयात खरी कसोटी अल्कलाइन पेप्टोन वॉटर या अल्कधर्मी पातळ माध्यमाची. पीएच साधारण ८.४ ते ८.६. कॉलऱ्याच्या जिवाणूला, म्हणजे व्हिब्रिओला, हवा हवी असते, म्हणून तो वरच्या थरात जमतो. ६ ते ८ तासांनी नळी न हलवता वरूनच लूपभर (तारेच्या कडीत मावेल तेवढं) घ्या. आमच्याकडे नळी हलवून, मग तळातून घेणारे लोक आहेत! रात्रभर ठेवली तर इतर जिवाणू त्याला मागे टाकतात. टीसीबीएसवर व्हिब्रिओ कॉलरी साखर फोडतो म्हणून पिवळा दिसतो, त्याचाच भाऊबंद पॅराहीमोलिटिकस हिरवा. पण तीच पिवळी कॉलनी फ्रिजमध्ये ठेवली की हिरवट पडू शकते. त्यामुळे वाचन १८ ते २४ तासांतच, आणि प्लेट इन्क्युबेटरमधून काढल्या काढल्या. आणखी एक: ऑक्सिडेज चाचणी (जिवाणूत ते एन्झाइम आहे का पाहणारी) टीसीबीएसवरून किंवा मॅकॉन्कीवरून करू नका. साखरेतून तयार झालेलं आम्ल उत्तर बिघडवतं. आधी ती कॉलनी न्यूट्रिएंट अगार या साध्या माध्यमावर उतरवा, म्हणजे पुन्हा वाढवा.

हे उतरवणं कंटाळवाणं वाटतं, पण टाळू नये. निवडक प्लेटवरची कॉलनी एकटी दिसते. तिच्याखाली, शेजारी, दाबून ठेवलेले जिवाणू जिवंतच असतात. तिथूनच उचलून सीरमशी अ‍ॅग्लुटिनेशन (अँटिबॉडी असलेल्या सीरममध्ये मिसळून गुठळ्या होतात का पाहणं) केलं की फसव्या गुठळ्या दिसतात, आणि 'टायफॉइड' असं लिहून मोकळं व्हायचा मोह होतो. त्यात टायफॉइडच्या साल्मोनेला टायफीचा काळा ठिपका बऱ्याचदा जेमतेम असतो, पॅराटायफी ए-ला तर सहसा नसतोच. ठिपक्यावर विसंबलात तर हे दोघेही हातातून निसटतील.

डब्यात दुपारपर्यंत पडून राहिलेल्या नमुन्यावर मात्र कुठल्याच माध्यमाचा इलाज नाही. शौच साचून आम्लधर्मी होतं आणि शिगेला आधी मरतो. २ तासांत लावता येत नसेल तर कॅरी-ब्लेअर या नमुना टिकवणाऱ्या माध्यमात घाला. रक्त-शेंबूड असलेला भाग निवडा, आणि शक्यतो अँटिबायोटिक सुरू व्हायच्या आधी घ्या. हे सांगायचं काम वॉर्डातल्या सिस्टरांशी गोड बोलूनच होतं.

माध्यमाचा नवीन डबा उघडला की माहीत असलेले जिवाणू लावून पाहा. फक्त ई. कोलाय दबतो का एवढंच नको, शिगेला वाढतो का तेही. नाजूक पाहुणा वर आला तरच माध्यम चांगलं. टीसीबीएसच्या बॅचागणिक फरक पडतो, तिथे तर हे हवंच.

शेवटी रिपोर्टची भाषा. "रोगकारक जिवाणू आढळले नाहीत" असं छापलेलं पाहिलं की माझा हात थांबतो. जुलाब करणाऱ्या कॅम्पायलोबॅक्टर या जिवाणूला ४२ अंश आणि कमी ऑक्सिजन लागतो, तो आपण शोधलाच नाही. जुलाब करणारा ई. कोलाय मॅकॉन्कीवर सहसा साध्या ई. कोलायसारखाच गुलाबी दिसतो. मी लिहिते, "साल्मोनेला, शिगेला, व्हिब्रिओ कॉलरी वाढले नाहीत." डॉक्टरांनी फोन करून विचारलं, "म्हणजे बाकीचे?" तर सांगते, ते आपल्याकडे लावत नाही, हवं असेल तर नमुना पुढे पाठवू.