स्विमिंग पूलमध्ये क्लोरीन भरपूर, तरी शेवाळ जाईना: माझा अनुभव

टेस्ट किटवर क्लोरीन व्यवस्थित, तरी पाणी हिरवट आणि भिंतीवर बोट फिरवलं की बुळबुळीत थर. शेवाळनाशक टाकलं, क्लोरीनच्या गोळ्या वाढवल्या, पुन्हा तेच. अगदी वैताग आला.

कारण निघालं सायन्युरिक आम्ल, म्हणजे क्लोरीनला उन्हापासून वाचवणारं रसायन. ते त्या गोळ्यांतूनच साठत जातं, उडून जात नाही, आणि १०० पीपीएमवर (दहा लाख भागांत १०० भाग) गेलं की क्लोरीनला जखडून ठेवतं. म्हणून आधी निम्म्याहून जास्त पाणी उपसून ताजं भरलं. आम्ल ५०च्या खाली आलं. मग पीएच ७.२ वर आणला. भिंती आणि शिडीमागचे कोपरे (शेवाळ तिथेच दडतं) ब्रशने घासले. सूर्यास्तानंतर द्रवरूप क्लोरीनचा जादा डोस, गोळ्या अजिबात नाहीत. फिल्टर रात्रंदिवस चालू, दाब वाढला की बॅकवॉश (पाणी उलटं सोडून फिल्टर धुणं). पाणी मध्येच दुधाळ होतं. ते मेलेलं शेवाळ, घाबरू नका. रात्रभरात क्लोरीन घटेनासं झालं, तेव्हाच जादा डोस थांबवला.