शाळेत मदतनिधी आणि बालहक्क दिन एकत्र कसा घ्यावा

२० नोव्हेंबर ही तारीख सोयीची. १९८९ साली याच दिवशी संयुक्त राष्ट्रांनी बालहक्क संहिता स्वीकारली. तिच्यात ५४ कलमं आहेत, पण लहानग्यांपुढे दोनच ठेवा: १२वं मत मांडण्याचं, ३१वं खेळण्याचं. निधी कशासाठी जमवायचा, हे मुलांनाच मतदानाने ठरवू द्या. नाहीतर १२वं कलम नुसतं फळ्यावर राहतं.

डबा सीलबंद हवा, झाकणाला घडीची नोट जाईल एवढीच फट. कोणी किती दिले याची यादी वर्गात लावू नका. ज्याला काही आणता आलं नाही, तो त्या दिवशी शाळाच बुडवतो. मोजणी त्याच दिवशी, दोन मोठ्यांसमोर, दोघांच्या सहीनिशी. नाण्यांच्या दहा-दहाच्या चळती मुलांना लावू द्या, गणिताचा तासही होतो.