नागपूरच्या उन्हाळ्यात बिअर्डेड ड्रॅगन

आधीच सांगतो, घोरपड धरून आणू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती संरक्षित आहे. माझ्याकडचा बिअर्डेड ड्रॅगन हा पाळीव सरडा, मूळ ऑस्ट्रेलियाचा. कोरड्या मुलखातला म्हणजे त्याला इथला मे मानवणारच, असं लोकांना वाटतं. पण पेटीच्या एका टोकाला दिव्याखाली 40 अंश आणि दुसऱ्या टोकाला 25 च्या आसपास, असं त्याला लागतं. अख्खी पेटीच 44 वर गेली तर तो पळेल कुठे? कूलर लावा, पण ओला वारा थेट पेटीवर नको, श्वासाचा त्रास होतो. दिव्याखाली आ वासून बसला तर घाबरू नका, जादा उष्णता टाकतोय. थंड टोकालाही तोंड उघडंच राहिलं, तर डॉक्टर गाठा.

यूव्हीबी ट्यूब, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणारी ट्यूब, हवीच. काचेतून येणारं ऊन त्या कामाचं नाही. खाली वाळूऐवजी शहाबादी फरशीचा तुकडा टाका, नखंही घासली जातात. खायला शेवग्याचा पाला, किसलेला लाल भोपळा. पालक रोज नको. कॅल्शियमची पूड लावलेले रातकिडे त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठे नसावेत. काजवा मात्र चुकूनही नाही, एकानेही जीव जातो. संत्र्याची फोड पाहुणे पुढे करतातच. ती त्यांनाच खायला लावतो.