पुणे ते कन्याकुमारी गाडीने: आधी बेंगळुरूचं बघा

पुण्याहून कन्याकुमारी साधारण दीड हजार किलोमीटर. रस्ता सोपा: ४८ नंबरच्या महामार्गाने बेंगळुरू, पुढे ४४ ने थेट टोकापर्यंत. पहिल्या खेपेला मोबाईलने दाखवलेल्या तासांवर भिस्त ठेवून निघालो आणि संध्याकाळी साडेसहाला बेंगळुरूत शिरलो. शहर ओलांडून पलीकडच्या होसूर रोडला लागेपर्यंत साडेनऊ. मागे पोरं झोपलेली, पुढे कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

तेव्हापासून आखणी पुण्यापासून नाही, बेंगळुरूपासून करतो.

१. अडणाऱ्या जागा आधी लिहा. या वाटेवर माझ्या मते तीन: बेंगळुरू, धर्मपुरी-सेलमच्या मधला तोप्पूर घाट आणि मदुराईचं मीनाक्षी मंदिर. बेंगळुरू दुपारीच ओलांडायचं, तेही गावात न शिरता, तुमकूर रोडवरून नाइस रोडने (शहराबाहेरून जाणारा टोलरस्ता) होसूर रोडला. तोप्पूरचा उतार उजेडात. पुढे लोड ट्रक असतात, म्हणून खालच्या गिअरमध्ये, नुसत्या ब्रेकवर नाही. मंदिर दुपारी बंद असतं, चारच्या सुमारास उघडतं.

२. आता मुक्काम आपोआप पडतात. दुपारी एकला बेंगळुरूच्या वेशीवर यायचं तर आदल्या रात्री हुबळी. पुण्याहून पहाटे पाचला निघालात तर सातारा, कोल्हापूर, बेळगाव करत सुमारे ४३५ किलोमीटरवरचं हुबळी तीन-चारला येतं. दुसरा मुक्काम कृष्णगिरी, तिसरा मदुराई. चौथ्या दिवशी उरतात अडीचशेच्या आत. अरलवाइमोळीच्या पवनचक्क्या दिसल्या की आलंच. विवेकानंद स्मारकाची बोट दुपारनंतर बंद होते, तेव्हा तिथे अकराच्या आत पोचलेलं बरं.

३. मोबाईलच्या वेळेत पाव भाग वाढवा. आठ तास म्हणजे दहा. सातारा-कोल्हापूर पट्ट्यात कामं चालू असली की तेही कमी पडतात.

४. थांबे भुकेवर सोडू नका. दर दोन तासांनी पाय मोकळे करायचे, हे ठरलेलंच. हुबळीहून सहाला निघालं की साडेआठ-नऊला दावणगेरे येतं. महामार्ग सोडून गावात शिरा आणि बेण्णे डोसा खा. वर पांढऱ्या लोण्याचा गोळा, तो कडेने विरघळत असतो, शेजारी बटाट्याची फिकी भाजी आणि खोबऱ्याची चटणी. अर्धा तास जातो, जाऊ द्या. दुपारचं जेवण मात्र हलकं. दोन ते चार ही डुलकीची वेळ, भात पोटभर चापलेल्या माणसाच्या हाती स्टिअरिंग देऊ नका.

५. हवामान बघून तारीख धरा. आपल्याकडचा पाऊस संपला म्हणून दिवाळीत निघणाऱ्यांना तमिळनाडूत खरा पाऊस भेटतो. तिथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. जानेवारीअखेर ते फेब्रुवारी उत्तम. जानेवारीच्या मध्याला पोंगलची गर्दी असते.

बाकी किरकोळ: फास्टॅगमध्ये पैसे, पीयूसी आणि विम्याची तारीख, स्टेपनीतली हवा (ही कुणीच बघत नाही). टाकी अर्ध्यावर आली की भरायची. महामार्गावर अडलात तर १०३३ हा मदतीचा नंबर. हॉटेल फक्त हुबळीचं आणि मदुराईचं आधी धरा. कृष्णगिरीचं बेंगळुरू पार झाल्यावर फोन करून.