एक्स१००व्ही सोडून एक्स१००व्हीआय घेताना

फुजीफिल्मने फेब्रुवारी २०२४ मध्ये एक्स१००व्हीआय हा कॅमेरा जाहीर केला, तेव्हापासून २०२० सालचा एक्स१००व्ही वापरणाऱ्या अनेकांच्या मनात तो बदलावा की नाही, हा विचार घोळत आहे. दोन्ही कॅमेऱ्यांची २३ मि.मी. एफ/२ ही लेन्स एकच आहे, मागचा पडदा दोघांचाही कलता आहे आणि हातात घेतल्यावर जाणवणारा फरक जुन्याचे ४७८ ग्रॅम व नव्याचे ५२१ ग्रॅम एवढाच आहे. त्यामुळे माहितीपत्रकांची तुलना करण्यापेक्षा आपण आजवर काढलेली छायाचित्रे नीट तपासावीत, असे माझे ठाम मत आहे, कारण बदलाची गरज आहे की नाही ते त्यांतूनच कळते.

संध्याकाळी किंवा घरात काढलेली आणि पुसट आल्यामुळे बाजूला टाकलेली छायाचित्रे संगणकावर शंभर टक्के मोठी करून पाहावीत. भिंत, खांब, माणूस असे सर्वच काही एकाच दिशेने ओढल्यासारखे दिसत असेल, तर हात हलला आहे. नव्या कॅमेऱ्यात सेन्सर स्वतः हलून हाताचे कंपन भरून काढतो, त्याची क्षमता कंपनीच्या मापनानुसार सहा स्टॉपपर्यंत आहे (एक स्टॉप म्हणजे शटर दुप्पट वेळ उघडे ठेवण्याची मुभा), आणि ही सोय जुन्यात मुळीच नाही; म्हणून अशी छायाचित्रे बरीच असतील तर बदल सार्थ आहे. भिंत स्पष्ट आणि चालणारा माणूसच तेवढा पुसट असेल, तर मात्र स्थिरीकरणाचा काही उपयोग नाही, कारण तेथे शटरचा वेगच वाढवावा लागतो. चेहरा पुसट आणि मागची भिंत स्पष्ट असेल तर फोकस चुकलेला आहे, आणि त्यासाठी नवा कॅमेरा घेण्याआधी फोकसची पद्धत बदलून पाहावी.

दुसरी तपासणी कातरण्याच्या सवयीची करावी. या कॅमेऱ्यांची २३ मि.मी. लेन्स फुल-फ्रेमच्या हिशेबाने ३५ मि.मी.चा दृश्यकोन देते; त्यातून ५० मि.मी.इतका भाग कापून घेतला, तर जुन्या कॅमेऱ्याच्या २६ मेगापिक्सेलपैकी सुमारे १३ उरतात आणि नव्याच्या ४० पैकी सुमारे २०, ७० मि.मी.इतका भाग घेतल्यास हेच आकडे अनुक्रमे साडेसहा आणि १० होतात. मोठी छपाई करणाऱ्याला किंवा लांबून टिपण्याची ज्याला सतत गरज भासते त्याला हा फरक मोलाचा आहे. मात्र पूर्ण चौकट फोनवरच पाहिली जात असेल तर तो दिसणारही नाही, कारण चित्राची रुंदी ६२४० वरून ७७२८ पिक्सेलपर्यंत, म्हणजे जेमतेम चोवीस टक्क्यांनी वाढते.

एक्स१००व्हीच्या आधीचे एक्स१००एफ किंवा त्याहून जुने मॉडेल असेल तर हिशेब वेगळा. तेथे लेन्सही जुन्या रचनेची आहे आणि पडदा पक्का बसवलेला आहे, त्यामुळे बदल ठळक जाणवतो; फक्त मागची चार दिशांची बटणे नव्यात नाहीत, त्याची सवय करावी लागते.

निर्णय झाल्यावर जुन्या कॅमेऱ्यातली जुळणी (सेटिंग), विशेषतः सी१ ते सी७ या जागांमध्ये साठवलेल्या फिल्म सिम्युलेशनच्या (जुन्या फिल्मसारखे रंग देणाऱ्या सोयीच्या) रेसिपी, वहीत उतरवून घ्याव्यात आणि नव्यात हाताने भराव्यात. एनपी-डब्ल्यू१२६एस बॅटऱ्या आणि ४९ मि.मी.ची एआर-एक्स१०० अडॅप्टर रिंग नव्यालाही चालतात, म्हणून ही सामग्री जुन्या कॅमेऱ्याबरोबर देऊन टाकू नये. सह्याद्रीत पावसाळ्यात फिरणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे की, रिंग आणि संरक्षक फिल्टर लावल्याशिवाय यांपैकी कोणताही कॅमेरा हवामानरोधक ठरत नाही. कार्डाची खाच नव्यातही यूएचएस-१ या कमी वेगाच्या प्रकारचीच आहे, त्यामुळे महागडे यूएचएस-२ कार्ड घेऊन वेग वाढणार नाही. रॉ फाइल (सेन्सरवरची प्रक्रिया न केलेली मूळ माहिती) मोठ्या झाल्याने जास्त क्षमतेचे कार्ड मात्र लागेल. रॉ फाइल उघडणारे सॉफ्टवेअर जुने असेल, तर ते अद्ययावत करावे किंवा रॉ फाइल जुन्या सॉफ्टवेअरलाही उघडता येईल अशा डीएनजी स्वरूपात बदलणारा अडोबीचा मोफत डीएनजी कन्व्हर्टर वापरावा.

नव्या कॅमेऱ्यात ऑटो आयएसओच्या, म्हणजे प्रकाशसंवेदनशीलता कॅमेऱ्याने स्वतः ठरवण्याच्या सोयीच्या, तीन जागा असतात. त्यांपैकी एकीत किमान शटर वेग १/१२५ ठेवून ती माणसांसाठी वापरावी आणि दुसरीत १/१५ ठेवून ती देवळाचा गाभारा, वाड्याची ओसरी अशा स्थिर विषयांसाठी राखावी. स्थिरीकरणावर विसंबून सगळीकडेच मंद वेग ठेवला, तर स्थिर गोष्टी स्पष्ट आणि माणसे पुसट, असा जुनाच प्रकार पुन्हा सुरू होतो.

नवा कॅमेरा शक्यतो जीएसटीचे बिल देणाऱ्या दुकानातून घ्यावा. परदेशातून नातेवाइकांकडून मागवायचा असल्यास त्या नगाला भारतात वॉरंटी मिळेल का, ते आधी लेखी विचारून घ्यावे. जुना कॅमेरा मात्र नव्याची प्रत्यक्ष चाचणी होईपर्यंत विकू नये. विकताना लेन्समधून टॉर्चचा प्रकाश तिरपा टाकून आत बुरशीचे जाळे आहे का, ते पाहावे, कारण मुंबई आणि कोकणातल्या दमट हवेत ती सहज धरते आणि ती लपवून विकणे हा घेणाऱ्यावर अन्याय आहे. शेवटी कॅमेऱ्यातील जुळणी रिसेट करावी, आपले कार्ड काढून घ्यावे आणि मूळ बिल, खोके व चार्जिंगची केबल एकत्र करून द्यावी.