मासळी परत समुद्रात फेकावी लागते? या चुका टाळा

गोव्यात माळीमला किंवा कुटबणच्या जेटीवर ट्रॉलरवरच्या (जाळं पाण्यातून ओढत नेणाऱ्या बोटीवरच्या) फेकाफेकीचा विषय काढला की उत्तर ठरलेलं असतं: "निवडायला माणसं कमी पडतात." पण जाळं डेकवर ओतेपर्यंत त्यातली बहुतेक पिल्लं मेलेली असतात. खोल पाण्यातून वर येताना ज्यांच्या पोटातला हवेचा फुगा फुगतो, ते मासे जिवंत सोडले तरी खाली जाऊ शकत नाहीत. जे काही टाळायचं ते जाळं पाण्यात असतानाच टाळायला हवं.

सगळ्यात मोठी चूक जाळ्याच्या शेवटच्या पिशवीत होते. गोव्याच्या नियमानुसार आस (जाळ्याच्या छिद्राचं माप) मासळीसाठी किमान २४ मिमी आणि कोळंबीसाठी २० मिमी हवा. तपासणीपुरता तो पाळायचा आणि आतून बारीक आसाचं अस्तर लावायचं, हा प्रकार नवा नाही. अस्तर नसलं तरी नेहमीचा तिरपा आस पिशवी भरून ताण आला की मिटतो, आणि पिल्लांना निसटायला फट उरत नाही. चौकोनी आस ताणातही उघडा राहतो. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने अशा पिशव्यांवर बरंच काम केलं आहे. अख्खं जाळं बदलायला नको, पिशवी बदलली तरी फरक दिसेल. मोजताना ओलं जाळं पूर्ण ताणून एका गाठीपासून समोरच्या गाठीपर्यंत आतून मोजा.

लांबच लांब ओढ, म्हणजे एकदा सोडलेलं जाळं फार वेळ ओढत राहणं, ही दुसरी चूक. डिझेल वाचतं असं वाटतं, पण भरलेल्या पिशवीत तळाची कोळंबी आणि माणकी (स्क्विड) चिरडतात, भाव पडतो, आणि तो मालही शेवटी पाण्यात जातो.

काठाजवळ घुसणं तर कायद्यातच बसत नाही. रापणकारांच्या (किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या पारंपरिक मच्छीमारांच्या) लढ्यानंतर १९८० साली आलेल्या कायद्याने किनाऱ्यालगतचा ५ किलोमीटरचा पट्टा पारंपरिक मच्छीमारांसाठी राखला गेला. १ जून ते ३१ जुलैची बंदी उठली की कोळंबीच्या लोभाने ट्रॉलर तिथेच वळतात, आणि पिल्लंही तिथेच असतात.

"आपल्याकडे कोटा कुठे आहे?" असं काही बोटमालक विचारतात. युरोपात जातवार कोटा, म्हणजे किती मासळी पकडायची याची मर्यादा, आहे, आणि २०१९ पासून कोट्यातली मासळी काही सवलती सोडल्या तर किनाऱ्यावर आणावीच लागते. तिथे एका जातीचा कोटा संपला की बाकीचा शिल्लक असूनही बोट थांबण्याची वेळ येते. आपल्या एका ओढीत इतक्या जाती येतात की तो हिशेब इथे चालेल असं मला वाटत नाही. लांबीचा नियम जास्त उपयोगी: केरळात बांगडा १४ सेंटिमीटरपेक्षा आणि तारली १० सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर पकडायची नसते. डेकवर एक पट्टी ठेवा आणि प्रत्येक ओढीची जागा, खोली व टाकलेल्या टोपल्या वहीत लिहा. एकाच जागी सलग पिल्लं येऊ लागली तर जागा सोडा. आणि पिल्लं खतात विकली म्हणजे वाचली, हा हिशेब नको. तोच बांगडा वाढला असता तर भाव कितीतरी पट मिळाला असता.

डेकवर घाई करायचीच असेल तर पाकट, खेकडे आणि कासवांसाठी करा: मासळी निवडण्याआधी त्यांना बाजूला काढा. कासव निपचित असेल तर लगेच पाण्यात टाकू नका. पोटावर ठेवून मागची बाजू थोडी उंच करा, अंग ओलं आणि सावलीत ठेवा, हालचाल सुरू झाल्यावर इंजिन न्यूट्रलला घेऊन हळूच सोडा.