मार्केटिंगच्या विद्यार्थ्यांसाठी गणित आणि आलेख: आधी पाया तपासा

मार्केटिंगच्या अभ्यासक्रमाला येणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांचा गणिताशी संबंध दहावीनंतर सुटलेला असतो, आणि म्हणून आकड्यांचा प्रश्न समोर आला की ते आधी सूत्र शोधू लागतात. प्रत्यक्षात या विषयाच्या पहिल्या वर्षाला लागणारे बहुतेक गणित गुणाकार, भागाकार आणि टक्केवारी यांत सामावते. चुका होतात त्या आकडेमोडीपेक्षा, शंभर कशाला मानले आहे हे न ठरवल्यामुळे. त्यासाठी टक्केवारी काढण्यापूर्वी ‘कशाचे टक्के?’ या प्रश्नाचे उत्तर वहीत शब्दांत लिहावे. ही सवय लागली की पुढचे बरेचसे काम सोपे होते.

शाळेत आपण शेकडा नफा खरेदी किमतीवर काढायला शिकतो. बाजारात मात्र ‘मार्जिन’ म्हणजे विक्री किमतीवर काढलेला नफा, आणि खरेदी किमतीवर चढवलेल्या टक्क्यांना ‘मार्कअप’ म्हणतात. समजा, चकलीचे एक पाकीट तयार करायला ६० रुपये लागतात आणि ते दुकानदाराला ८० रुपयांना दिले जाते. २० रुपयांचा हा नफा ६० वर मोजला तर ३३.३३ टक्के होतो आणि ८० वर मोजला तर २५ टक्के. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, पण ती दोन वेगळ्या प्रश्नांची आहेत. ‘मला २५ टक्के मार्जिन हवे’ असे म्हणत कोणी ६० वर २५ टक्के चढवले, तर किंमत ७५ रुपये येईल आणि हाती मार्जिन पडेल फक्त २० टक्के. योग्य रीत अशी: २५ टक्के मार्जिन म्हणजे खर्च हा विक्री किमतीच्या ७५ टक्के, म्हणून ६० ला ०.७५ ने भागावे. उत्तर ८० येते.

हीच भागाकाराची रीत कर वेगळा काढतानाही लागते. आपल्याकडे पाकिटावरच्या छापील कमाल किमतीत सर्व कर धरलेले असतात. १८ टक्के जीएसटी असलेल्या वस्तूची करासह किंमत ११८ रुपये असेल, तर करापूर्वीची किंमत काढण्यासाठी ११८ मधून त्याचेच १८ टक्के वजा करू नयेत, कारण कर ११८ वर नव्हे, १०० वर लागला होता. ११८ ला १.१८ ने भागावे. त्याचप्रमाणे ‘५० टक्के अधिक २० टक्के सूट’ या पाटीचा अर्थ ७० टक्के सूट असा होत नाही: १००० रुपयांचे आधी ५०० होतात आणि दुसरी सूट त्या ५०० वर मिळते, म्हणजे ग्राहक ४०० रुपये देतो आणि एकूण सूट ६० टक्के ठरते. बाजारातील वाटा ८ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर गेला, तर तो २ टक्के-बिंदूंनी (म्हणजे दोन टक्केवाऱ्यांमधल्या थेट फरकाने) वाढला, किंवा २५ टक्क्यांनी वाढला. ‘२ टक्क्यांनी वाढला’ हे विधान चुकीचे आहे आणि ते अहवालांत वारंवार आढळते.

आता सवलतीचा हिशेब पाहू, कारण मार्केटिंगमधले सर्वांत महागडे निर्णय याच जागी घेतले जातात. वरच्या चकलीच्या व्यवसायाला जागेचे भाडे, पगार आणि जाहिरात मिळून महिन्याला ३०,००० रुपये स्थिर खर्च आहे असे धरा. प्रत्येक पाकिटामागे २० रुपये उरतात, म्हणून ३०,००० भागिले २०, म्हणजे १,५०० पाकिटांवर ना नफा ना तोटा अशी स्थिती येते. मग कोणी सुचवते की किंमत १० टक्क्यांनी कमी करू. नवी किंमत ७२ रुपये, उरणारी रक्कम १२ रुपये, आणि तोच बिंदू २,५०० पाकिटांवर सरकतो. किंमत दहा टक्क्यांनी उतरली, पण खर्च भरून काढायला विक्री सुमारे ६७ टक्क्यांनी वाढायला हवी. सवलत विक्री किमतीवर दिली जाते, पण तिचा संपूर्ण भार त्या २० रुपयांवर पडतो. हे ज्याला उमगले त्याला निम्मा विषय आला, असे माझे मत आहे.

हे चित्र आलेख-कागदावर स्वतः काढावे, संगणकावर नंतर. क्ष-अक्षावर ० ते ३,००० पाकिटे घ्या आणि य-अक्षावर ० ते २,४०,००० रुपये. एकूण खर्चाची रेषा शून्यापासून नव्हे, ३०,००० पासून सुरू होते आणि ३,००० पाकिटांवर २,१०,००० ला पोहोचते. ८० रुपयांच्या विक्रीची रेषा शून्यातून निघून २,४०,००० पर्यंत जाते आणि खर्चाच्या रेषेला १,५०० पाकिटांवर, १,२०,००० रुपयांच्या पातळीवर छेदते. ७२ रुपयांची रेषा काढली की छेदबिंदू किती दूर गेला हे एका नजरेत दिसते.

आलेख मुळात व्यापाराच्याच हिशेबातून रुजला: स्कॉटिश अभियंते व अर्थविषयक लेखक विल्यम प्लेफेअर यांनी १७८६ मध्ये इंग्लंडच्या आयात-निर्यातीचे आकडे रेषांनी मांडले, आणि वृत्तालेख त्यांनीच १८०१ मध्ये वापरला. काळानुसार होणारा बदल रेषेने दाखवावा, वेगवेगळ्या वस्तूंची किंवा शहरांची तुलना स्तंभांनी करावी, आणि वृत्तालेख चार-पाच भागांपुरताच ठेवावा. स्तंभालेखाचा य-अक्ष मात्र शून्यापासूनच सुरू व्हायला हवा, कारण डोळा स्तंभाची उंची मोजतो. ९५ हजार आणि १ लाख रुपयांची विक्री ९० हजारांपासून सुरू होणाऱ्या अक्षावर दाखवली, तर दुसरा स्तंभ पहिल्याच्या दुप्पट दिसतो. रेषालेखात अक्ष वरून सुरू करता येतो, पण तेथे शालेय पुस्तकातले अक्षसंकोचाचे चिन्ह, म्हणजे अक्षाचा सुरुवातीचा भाग गाळल्याची खूण, द्यावे.

तुलनेचा काळ निवडतानाही पायाचाच प्रश्न येतो. २०२३ साली अधिक श्रावण होता आणि लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला आले. २०२४ मध्ये ते १ नोव्हेंबरला होते. त्यामुळे फराळाच्या विक्रेत्याने दोन्ही वर्षांचे ऑक्टोबर समोरासमोर ठेवले, तर २०२४ मध्ये विक्री वाढल्याचे दिसेल, जरी वर्षभरात तिळमात्र वाढ झाली नसली तरी. आणि नोव्हेंबरची तुलना नेमके उलटे सांगेल. अशा वस्तूंसाठी क्ष-अक्षावर महिने न घेता ‘दिवाळीआधीचे आठवडे’ घ्यावेत: लक्ष्मीपूजनाच्या आठवड्याला शून्य म्हणावे, त्याआधीचे उणे १, उणे २ असे मोजावेत, आणि दोन्ही वर्षांच्या रेषा एकाच कागदावर काढाव्यात. अक्षावर हे मोजमाप कसे धरले ते आलेखाखाली एका ओळीत लिहावे.